क्रियाशीलता तीच, तरी संदेश बदलला: फॉस्फटेजवर नियंत्रण ठेवणाऱ्या विकरांविषयी

प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिने एचईके-२९३ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींमध्ये सायआरएनए (एखादे ठरावीक जनुक गप्प करणारा आरएनएचा छोटा तुकडा) वापरून एलसीएमटी-१ या विकराचे (एन्झाइमचे) प्रमाण घटवले. नंतर किट वापरून पीपी२ए या फॉस्फटेजची, म्हणजे प्रथिनांवरचा फॉस्फेट काढणाऱ्या विकराची, क्रियाशीलता मोजली, तर ती नियंत्रण नमुन्याइतकीच, किंबहुना किंचित अधिक आली. त्याच पेशींच्या वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याची पद्धत) मात्र फॉस्फो-एकेटीचा, म्हणजे फॉस्फेट बसलेल्या एकेटी या संदेशवाहक कायनेजचा, बँड स्पष्टपणे गडद झाला. तिच्या मार्गदर्शकांच्या मते हे दोन निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणजे प्रयोग कुठेतरी फसला आहे. तिचा प्रश्न असा, की फॉस्फटेजवर नियंत्रण ठेवणारी विकरे नेमके काय करतात, आणि फॉस्फटेजची क्रियाशीलता न बदलता पेशीतला संदेश बदलू शकतो का. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा पीपी२ए शी संबंध असल्याचे तिच्या वाचनात आले आहे, ते खरे का, हेही तिने जाता जाता विचारले आहे.

तुमचा प्रयोग फसला, असे तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला तरी म्हणता येत नाही. गेली एकवीस वर्षे मी प्रथिनांच्या फॉस्फोरिलेशनवर, म्हणजे त्यांच्यावर फॉस्फेट बसण्यावर, काम करते आहे आणि त्यातली निम्मी वर्षे एकट्या पीपी२ए ने खाल्ली आहेत. त्या अनुभवावरून सांगते, की तुम्हाला मिळालेली ही विसंगत जोडी पीपी२ए च्या बाबतीत अपेक्षितच म्हणावी अशी आहे. अडचण दोन निष्कर्षांत नसून, किटने दिलेला आकडा म्हणजेच ‘पेशीतील पीपी२ए ची क्रियाशीलता’ हे जे आपण गृहीत धरतो, त्यात आहे. तेव्हा खरा प्रश्न असा मांडावा लागेल: एलसीएमटी-१ सारखे विकर फॉस्फटेजमध्ये बदलते तरी काय, आणि तुमचे किट नेमके तेच मोजते का?

फॉस्फटेजकडे पाहण्याची आपली सवयच थोडी सदोष आहे. कायनेज फॉस्फेट लावते आणि संदेश सुरू होतो, फॉस्फटेज तो काढते आणि संदेश संपतो, असे चित्र पाठ्यपुस्तकांतून मनात बसते, आणि मग फॉस्फटेज म्हणजे मागाहून येऊन झाडलोट करणारा गडी वाटू लागतो. गंमत म्हणजे इतिहासात फॉस्फटेज हाती आधी लागले. कार्ल आणि गर्टी कोरी यांना १९४० च्या दशकात स्नायूंमध्ये असे एक विकर सापडले, की जे फॉस्फोरिलेज या ग्लायकोजेन तोडणाऱ्या विकराचे क्रियाशील रूप निष्क्रिय करत होते. ते त्या प्रथिनाला चिकटलेला एखादा सहायक गट काढून टाकत असावे, असा त्यांचा अंदाज होता आणि त्यावरूनच त्याला ‘पीआर (प्रोस्थेटिक-ग्रुप रिमूव्हिंग) एन्झाइम’ असे नाव पडले. तो ‘गट’ म्हणजे साधा फॉस्फेट आहे, हे १९५५ च्या सुमारास एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांनी उलट दिशेची प्रक्रिया, म्हणजे कायनेज, शोधल्यावर उलगडले. त्या दोघांना १९९२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रथिनांच्या उलटसुलट होऊ शकणाऱ्या फॉस्फोरिलेशनच्या शोधासाठी. त्यातला ‘उलट’ भाग पुढे बराच काळ मागे पडला.

मागे पडण्याचे एक कारण आकड्यांत आहे. मानवी जनुकसंचात सुमारे ५१८ प्रथिन-कायनेजांची नोंद झाली आणि त्यांपैकी चारशेहून अधिक कायनेजे सेरीन आणि थ्रिओनीन या अमिनो आम्लांवर काम करतात. पण त्यांनी लावलेले फॉस्फेट काढणाऱ्या फॉस्फटेजांचे उत्प्रेरक घटक मोजले तर ते चाळीसच्या आसपास भरतात, आणि त्यातही बहुतेक काम पीपी१ आणि पीपी२ए ही दोनच घराणी करतात. इतक्या थोड्या विकरांनी इतकी प्रचंड वेगवेगळी कामे करायची म्हणजे ती आंधळेपणाने सगळीकडे कापत सुटत असणार, असा समज त्यामुळे झाला. वस्तुस्थिती उलट आहे. उत्प्रेरक घटक मोजके आहेत, पण ते पेशीत सहसा एकटे नसतात. ते कोणत्या जोडीदाराबरोबर बसले आहेत यावर त्यांचे लक्ष्य, जागा आणि वेग ठरतो. आणि जोडीदार ठरवण्यात फॉस्फटेजवर नियंत्रण ठेवणाऱ्या विकरांचा मोठा वाटा असतो.

आता पीपी२ए जवळून पाहू. यात तीन घटक असतात. ‘ए’ हा घोड्याच्या नालासारखा वाकलेला आधार, ‘सी’ हा प्रत्यक्ष कापणारा उत्प्रेरक, आणि ‘बी’ हा लक्ष्य निवडणारा. ‘ए’ आणि ‘सी’ यांचे प्रत्येकी दोनच प्रकार आहेत, पण ‘बी’ ची बी५५, बी५६, पीआर७२ आणि स्ट्रायटिन अशी चार वेगळी कुळे असून प्रत्येकात अनेक सदस्य आहेत. म्हणून आपण ज्याला सहजपणे ‘पीपी२ए’ म्हणतो, ते एक विकर नसून कित्येक डझन वेगवेगळ्या त्रिकुटांचे सामायिक आडनाव आहे.

‘सी’ घटकाची साखळी ३०९ अमिनो आम्लांची आहे आणि तिचे शेवटचे सहा दुवे म्हणजे थ्रिओनीन, प्रोलीन, अस्पार्टेट, टायरोसीन, फिनाइलअ‍ॅलनीन आणि ल्युसीन. ही छोटी शेपटीच तुमच्या प्रश्नाचे मर्म आहे. एलसीएमटी-१ शेवटच्या ल्युसीनच्या कार्बोक्सिल टोकावर एक मेथिल गट बसवते. त्यासाठी लागणारा मेथिल एस-अ‍ॅडिनोसिल मेथिओनीनकडून येतो. पीएमई-१ नावाचे दुसरे विकर तोच मेथिल काढून घेते. मेथिल बसला की शेपटीच्या टोकावरचा ऋण विद्युतभार नाहीसा होतो आणि ‘बी’ घटकांशी, त्यातही विशेषतः बी५५ शी, जोडी जमणे सोपे होते. बी५६ चे अवलंबित्व बरेच कमी आहे, तर स्ट्रायटिन कुळाला मेथिल असला काय आणि नसला काय, फारसा फरक पडत नाही. इथे एक सावधगिरी बाळगावी: शुद्ध प्रथिने घेऊन परीक्षानळीत त्रिकूट जुळवले, तर मेथिलशिवायही ते बऱ्याचदा जुळते. जिवंत पेशीत मात्र एकाच ‘ए-सी’ जोडीसाठी अनेक ‘बी’ घटकांची चढाओढ चालू असते, आणि अशा चढाओढीत थोडासा कल बदलला तरी शेवटी वाटणी बदलते. परीक्षानळीतील आणि पेशीतील निष्कर्षांत दिसणारा फरक मला तरी या चढाओढीनेच सर्वांत समाधानकारक रीतीने उलगडतो.

म्हणजे एलसीएमटी-१ घटवल्यावर ‘सी’ च्या उत्प्रेरक केंद्राला काहीच झालेले नसते. ते पूर्वीइतक्याच जोमाने फॉस्फेट कापू शकते. बदलते ते एवढेच, की बी५५ असलेली त्रिकुटे कमी होतात आणि मोकळा ‘सी’ इतर जोडीदारांकडे वळतो किंवा नुसत्या ‘ए-सी’ जोडीच्या रूपात राहतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी एसटी डेपोचे उदाहरण देते. डेपोतल्या गाड्यांची संख्या तीच आहे, इंजिने तशीच सुरू आहेत, फक्त काही गाड्यांच्या पाट्या बदलल्या आहेत. सोलापूरच्या फलाटावर प्रवासी ताटकळत उभे असताना डेपो व्यवस्थापकाने ‘आमच्या सगळ्या गाड्या धावत आहेत’ असे सांगितले, तर ते खोटे नसते, पण उपयोगाचेही नसते. तुमच्या किटचा आकडा हे त्या व्यवस्थापकाचे उत्तर आहे आणि फॉस्फो-एकेटीचा बँड म्हणजे सोलापूरचा फलाट.

ही तुलना नुसती सोयीची नाही, कारण एकेटीच्या ३०८ क्रमांकाच्या थ्रिओनीनवरचा फॉस्फेट काढण्याचे काम प्रामुख्याने बी५५-अल्फा असलेले पीपी२ए करते. ४७३ क्रमांकाच्या सेरीनवरचा फॉस्फेट काढण्यात पीएचएलपीपी या वेगळ्या फॉस्फटेजांचा मोठा वाटा आहे. तुम्ही ‘फॉस्फो-एकेटी’ एवढेच लिहिले आहे, कोणत्या जागेचे ते लिहिलेले नाही. बहुतेक प्रयोगशाळांत सवयीने ४७३ चेच प्रतिपिंड वापरतात, कारण त्याचा बँड सहज आणि देखणा येतो. तुमचा बँडही ४७३ चाच असेल, तर आधी ३०८ पाहा. वाढ मुख्यतः तिथे असेल तर माझे स्पष्टीकरण भक्कम होते. दोन्ही जागा सारख्याच वाढल्या असतील, तर मात्र कारण पीपी२ए च्या वरच्या टप्प्यावर, म्हणजे ग्राही किंवा पीआय-३ कायनेज यांच्या पातळीवरही असू शकते, आणि तो विचार सोडता येणार नाही.

आता त्या ‘किंचित अधिक’ आलेल्या आकड्याकडे वळू, कारण मला सर्वांत रोचक वाटलेला तपशील तोच आहे. प्रचलित पद्धतीत आधी ‘सी’ विरुद्धचे प्रतिपिंड वापरून लायसेटमधून (फोडलेल्या पेशींच्या द्रवातून) पीपी२ए ओढून घेतात, मग त्याला फॉस्फो-थ्रिओनीन असलेला एक छोटा पेप्टाइड देतात आणि सुटलेला फॉस्फेट मॅलाकाइट ग्रीन या रंगद्रव्याने मोजतात. यात दोन खाचखळगे आहेत. पहिला असा, की सहा अमिनो आम्लांचा पेप्टाइड हा कोणत्याही त्रिकुटाला चालतो. लक्ष्य निवडणे हे ‘बी’ चे काम, पण इतक्या लहान तुकड्यात निवडण्यासारखे काही नसतेच. त्यामुळे जोडीदार बदलल्याचे या चाचणीला कळतच नाही. दुसरा खळगा अधिक फसवा आहे. तुमच्या किटच्या माहितीपत्रकात प्रतिपिंडाचे क्लोन-नाव शोधा. ते १डी६ असेल, तर हे लक्षात घ्या की ते प्रतिपिंड ‘सी’ च्या त्याच शेपटीला ओळखते आणि शेपटीवर मेथिल असेल तर त्याची पकड ढिली पडते. व्हिएन्नातील एका संशोधनगटाने २०२० मध्ये हे तपशीलवार दाखवून, शेपटी ओळखणारी अशी प्रतिपिंडे पीपी२ए ची क्रियाशीलता किंवा त्रिकुटांची रचना जोखायला अयोग्य असल्याचे स्पष्टपणे मांडले. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा होतो: एलसीएमटी-१ घटले, मेथिलविरहित ‘सी’ वाढले, प्रतिपिंडाने नियंत्रण नमुन्यापेक्षा अधिक ‘सी’ ओढून घेतले, आणि आकडा थोडा वर गेला. पेशीत काही वाढलेच नाही, फक्त जाळ्याची भोके बदलली. त्याच गटाच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात ३०७ क्रमांकाच्या टायरोसीनवरील फॉस्फेट ओळखतात म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांचीही हीच गत दिसली. ती फॉस्फेट असलेला आणि नसलेला ‘सी’ यांत फरक करू शकत नाहीत, आणि शेजारच्या जागांवरील बदलांमुळे त्यांचा बँड कमीजास्त होतो. ‘फॉस्फो-टायरोसीन ३०७ वाढले म्हणजे पीपी२ए निष्क्रिय झाले’ या एका वाक्यावर उभे असलेले कितीतरी शोधनिबंध आहेत. ते वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवा.

मॅलाकाइट ग्रीनचा विषय निघालाच आहे तर माझी एक फजिती सांगून टाकते. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी पीपी२ए ओढून घेणारे, प्रतिपिंड लावलेले मणी शेवटच्या खेपेला पीबीएस या बफरने धुतले होते. प्लेटमधल्या यच्चयावत वेल (नमुन्याच्या वाट्या), अगदी विकर न घातलेल्यासुद्धा, पोपटासारख्या हिरव्यागार झाल्या. पीबीएसमधला ‘पी’ म्हणजे फॉस्फेट, हे मला माहीत नव्हते असे नाही. हाताला सवय नव्हती. मणी ट्रिस बफरने धुवा आणि विकराशिवायची वेल दर वेळी ठेवा.

यापुढचा मुद्दा कालावधीचा आहे, आणि ‘फॉस्फटेज म्हणजे बंद करणारे बटण’ या कल्पनेला तिथे खरा धक्का बसतो. एका प्रथिनावर कायनेज दर मिनिटाला १ या वेगाने फॉस्फेट लावते आणि फॉस्फटेज तेवढ्याच वेगाने काढते असे समजा. हे आकडे केवळ हिशेबासाठी आहेत. स्थिर अवस्थेत ५० टक्के प्रथिन फॉस्फेटयुक्त राहील. आता कायनेज एकाएकी बंद केले, तर फॉस्फेटयुक्त प्रथिन निम्मे व्हायला सुमारे ०.७ मिनिट लागेल. फॉस्फटेजचा वेग चौथ्या हिश्शावर, म्हणजे ०.२५ वर आणला तर स्थिर पातळी ८० टक्क्यांवर जाते; ही वाढ दुपटीचीही नाही. पण कायनेज बंद केल्यावर निम्मे व्हायला लागणारा वेळ ०.७ वरून २.८ मिनिटांवर, म्हणजे थेट चौपट होतो. फॉस्फटेजची छाप संदेशाच्या उंचीवर पडते त्याहून अधिक त्याच्या लांबीवर पडते. पेशीला हा फरक चांगला कळतो, कारण काही जनुके क्षणिक संदेशाला दाद देत नाहीत आणि तोच संदेश रेंगाळला तर जागी होतात.

यावरून तुम्हाला थेट करता येण्याजोगा प्रयोग निघतो. एकाच वेळेचा ब्लॉट पाहण्याऐवजी पेशींना इन्सुलिन किंवा वाढघटक देऊन एकेटी पेटवा, मग वर्टमॅनिनसारख्या पीआय-३ कायनेज प्रतिबंधकाने वरचा पुरवठा तोडा आणि ०, १, २, ५ व १० मिनिटांना ३०८ चा बँड किती वेगाने विझतो ते पाहा. एलसीएमटी-१ घटवलेल्या पेशींत तो संथपणे विझत असेल, तर फॉस्फेट काढण्याचा वेग कमी झाला असे तुम्हाला किटपेक्षा कितीतरी अधिक खात्रीने म्हणता येईल. असा प्रयोग घड्याळ लावून, दोघांनी मिळून, बर्फ आणि पिपेट आधीच मांडून ठेवून करावा लागतो. एकटीने केल्यास एक मिनिटाचा नमुना हमखास दोन मिनिटांचा होतो.

आतापर्यंत मी मेथिल लावणाऱ्या आणि काढणाऱ्या विकरांबद्दलच बोलले, पण फॉस्फटेजवर नियंत्रण ठेवण्याची हीच एक रीत नाही. पेशीविभाजनातले ग्रेटवॉल हे कायनेज मला नेहमी सर्वांत देखणे उदाहरण वाटते. फळमाशीत २००४ च्या सुमारास सापडलेले हे कायनेज स्वतः फॉस्फटेजला हातही लावत नाही. ते एन्सा आणि एआरपीपी-१९ या दोन लहान प्रथिनांवर फॉस्फेट बसवते, आणि अशी फॉस्फेटयुक्त प्रथिने पीपी२ए-बी५५ च्या उत्प्रेरक केंद्रात जाऊन ठाण मांडतात. २०१० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हे उलगडले. यातली खुबी अशी, की एन्सा हे त्या फॉस्फटेजचे लक्ष्यही आहे आणि त्याला रोखणारे प्रथिनही. फॉस्फटेज त्याचाही फॉस्फेट काढतेच, पण अतिशय संथपणे, आणि पकड मात्र घट्ट. त्यामुळे रेशनच्या रांगेत एकानेच खिडकी अडवून सुटे पैसे मोजत बसावे तसे होते, आणि मागे सीडीके-१ या विभाजन घडवणाऱ्या कायनेजची शेकडो लक्ष्ये फॉस्फेट मिरवत उभी राहतात. पेशी तेवढ्यात विभाजन उरकते. सायक्लिन नष्ट होऊन सीडीके-१ थंडावले, की पीपी१ पुढे येऊन ग्रेटवॉलला निष्क्रिय करते, नवा फॉस्फेटयुक्त एन्सा तयार होणे थांबते, आणि खिडकीवरचा गृहस्थ हिशेब संपवून आपोआप बाजूला होतो. फॉस्फटेजला सक्रिय करायला वेगळे कोणी लागत नाही.

मेंदूतल्या स्ट्रायटम भागात असाच डाव वेगळ्या सोंगट्यांनी मांडलेला आहे. डोपामिनचा संदेश आला की पीकेए हे कायनेज डीएआरपीपी-३२ या प्रथिनाच्या ३४ क्रमांकाच्या थ्रिओनीनवर फॉस्फेट बसवते आणि ते प्रथिन पीपी१ ला रोखते. म्हणजे पीकेए एका हाताने आपल्या लक्ष्यांवर फॉस्फेट लावते आणि दुसऱ्या हाताने ते काढणाऱ्याला अडवते. उलट सीडीके-५ ने त्याच प्रथिनाच्या ७५ क्रमांकाच्या थ्रिओनीनवर फॉस्फेट लावला, तर ते खुद्द पीकेए लाच रोखू लागते. आणि कॅल्शियम वाढल्यावर कॅल्सिन्युरिन हे फॉस्फटेज ३४ क्रमांकाचा फॉस्फेट काढून पीपी१ ला मोकळे करते. एका लहानशा प्रथिनावर दोन कायनेजे आणि दोन फॉस्फटेजे अशी एकमेकांत गुंतलेली आहेत. पॉल ग्रीनगार्ड यांना २००० सालच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, त्यामागे या साखळीवरचे कामही होते.

टायरोसीन-फॉस्फटेजांची तऱ्हा आणखी निराळी आहे, तिला इथे ओझरता स्पर्श करते. पीटीपी१बी च्या उत्प्रेरक केंद्रात २१५ क्रमांकाचे सिस्टीन आहे. इन्सुलिनच्या संदेशाबरोबर एनएडीपीएच ऑक्सिडेज थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, ते या सिस्टीनचे ऑक्सिडीकरण करते आणि फॉस्फटेज काही काळ गप्प बसते. नंतर पेशीतली क्षपण करणारी यंत्रणा त्याला पूर्ववत करते. तुमच्या कामाशी याचा थेट संबंध नाही, पण पुढेमागे याकडे वळलात तर लायसेटमध्ये सवयीने डीटीटी हे क्षपण करणारे रसायन घालू नका; जे मोजायचे तेच पुसले जाते.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही सांगायला हवे, कारण माझ्या वरच्या विवेचनावरून ‘एलसीएमटी-१ घटले की संदेश वाढतो’ असा सोपा नियम कोणी काढेल. तसा नियम नाही. ईआरके या कायनेजच्या, वाढीचा संदेश नेणाऱ्या मार्गाचे उदाहरण घ्या. बी५५ असलेले पीपी२ए आरएएफ-१ या कायनेजच्या २५९ क्रमांकाच्या सेरीनवरचा रोधक फॉस्फेट काढते, म्हणजे संदेशाला चालना देते. आणि बी५६ असलेले पीपी२ए थेट ईआरकेवरचा फॉस्फेट काढून त्याच संदेशाला आवर घालते. एकच फॉस्फटेज, एकच मार्ग, आणि परिणाम विरुद्ध. मग मेथिल कमी झाल्यावर ईआरकेचे काय होईल, हे त्या पेशीत कोणते ‘बी’ घटक किती आहेत यावर ठरणार. ग्लायोमाच्या (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीच्या) पेशींत पीएमई-१ घटवल्यावर ईआरकेचा संदेश मंदावल्याचे दाखवले गेले आहे, पण तो निष्कर्ष जसाच्या तसा तुमच्या एचईके पेशींवर लावता येणार नाही. तुमच्या पेशींतल्या बी५५ आणि बी५६ यांच्या पातळ्या पाहिल्याशिवाय ईआरकेबद्दल भाकीत करू नका, आणि मीही करणार नाही.

दुसरी अट विकर ‘घटवणे’ आणि विकराला ‘रोखणे’ यांतल्या फरकाची आहे. पीएमई-१ केवळ मेथिल काढत नाही. ते ‘सी’ च्या उत्प्रेरक केंद्राला बिलगून बसते आणि तिथले धातूचे आयन निसटतात, असे स्फटिकरचनेतून दिसते. म्हणून सायआरएनएने पीएमई-१ काढून टाकणे आणि रेणूच्या साहाय्याने फक्त त्याची उत्प्रेरक क्षमता रोखणे, हे दोन वेगळे प्रयोग आहेत. विकर असूनही उत्प्रेरणाविना नियंत्रण करण्याची ही तऱ्हा नवलाची नाही. प्रत्यारोपणानंतर देण्यात येणाऱ्या सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस या औषधांची १९९१ मध्ये उलगडलेली कथाही तशीच आहे: ती अनुक्रमे सायक्लोफिलिन आणि एफकेबीपी-१२ या विकरांना चिकटतात, आणि ती जोडगोळी कॅल्सिन्युरिनला अडवते. त्या विकरांच्या स्वतःच्या उत्प्रेरक कामाचा त्यात काही संबंध नसतो.

बी-१२ चा प्रश्न रास्त आहे, आणि आपल्याकडे शाकाहारी लोकांत ही कमतरता फार आढळत असल्यामुळे तो वारंवार विचारला जातो; पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या मातापोषणाच्या अभ्यासानेही तिच्याकडे लक्ष वेधले आहे. रसायनशास्त्राच्या बाजूने साखळी अशी जोडता येते: बी-१२ किंवा फोलेट कमी झाले की होमोसिस्टीन वाढते, त्याबरोबर एस-अ‍ॅडिनोसिल होमोसिस्टीन वाढते, आणि तो पदार्थ एलसीएमटी-१ ला रोखतो. फोलेट कमी दिलेल्या उंदरांच्या मेंदूत एलसीएमटी-१ आणि बी५५-अल्फा घटून टाउ प्रथिनावरील फॉस्फेट वाढल्याचेही नोंदवले गेले आहे. इथपर्यंत मी तुमच्याबरोबर येते. पण एखाद्या माणसाच्या रक्तातला बी-१२ चा आकडा पाहून त्याच्या चेतापेशींतल्या पीपी२ए बद्दल बोलणे, ही उडी मी घेणार नाही. तुमच्यापुरता व्यवहार्य मुद्दा एवढाच, की संवर्धन-माध्यमात मेथिओनीन किती आहे आणि माध्यम किती दिवसांचे आहे याने मेथिलेशनचा पाया हलू शकतो. दोन्ही गट एकाच दिवशी बदललेल्या माध्यमात वाढवा.

आता पुढे काय करायचे ते माझ्या क्रमाने सांगते. सर्वप्रथम मेथिलेशन खरोखर घटले का, ते तपासा. एलसीएमटी-१ चा बँड नाहीसा झाला म्हणून मेथिल गेला असे होत नाही. बहुतेक संवर्धित पेशींत ‘सी’ चा बराच मोठा भाग मेथिलयुक्त असतो आणि तो ओसरायला वेळ लागतो. यासाठी शेपटी ओळखणारे तेच वादग्रस्त प्रतिपिंड उलट उपयोगी पडते, कारण त्याचा दोष इथे गुण ठरतो. लायसेटचे दोन भाग करा. एका भागाला ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड घालून पाच-दहा मिनिटे बर्फावर ठेवा आणि मग आम्लाने उदासीन करा. अल्कलीने सगळे मेथिल एस्टर तुटतात आणि तो बँड म्हणजे एकूण ‘सी’. दुसऱ्या भागात तेवढ्याच मिठाचे, आधीच उदासीन केलेले मिश्रण घाला. तो बँड म्हणजे मुळात मेथिलविरहित असलेला ‘सी’. दोहोंच्या गुणोत्तरावरून मेथिलचे प्रमाण मिळते. मात्र पेशी फोडल्याबरोबर पीएमई-१ मोकाट सुटते आणि लायसेट बर्फावर असतानाही मेथिल काढत राहते. आमच्याकडे एकदा सलग तीन आठवडे सर्व नमुन्यांत मेथिल जवळजवळ शून्य येत होता, आणि शेवटी कळले की ज्याने नमुने केले तो लायसेट करून जेवायला जात असे. बफरात पीएमई-१ चा प्रतिबंधक घाला, ओकाडाइक आम्लही चालते कारण ते उत्प्रेरक केंद्र व्यापून पीएमई-१ ला बसू देत नाही. आणि क्रियाशीलता मोजायची नसेल तर पेशी सरळ गरम एसडीएस बफरातच फोडा.

मेथिल घटल्याचे सिद्ध झाले की त्रिकूट पाहा. ‘सी’ च्या शेपटीवरचे प्रतिपिंड टाळून ‘ए’ घटकावरून, किंवा ‘सी’ च्या दुसऱ्या टोकाला टॅग लावून, इम्युनोप्रेसिपिटेशन करा (म्हणजे प्रतिपिंडाने ते जोडीदारांसकट ओढून घ्या) आणि त्यात बी५५-अल्फा व बी५६ किती आले ते मोजा. त्यानंतर वर सांगितलेला, एकेटी विझण्याचा वेग मोजणारा प्रयोग. शेवटी पुनःस्थापना: सायआरएनएला न जुमानणारे एलसीएमटी-१ परत घाला, आणि त्याच्या जोडीला उत्प्रेरक क्षमता नसलेले रूपही घाला, म्हणजे काम मेथिल लावण्याने झाले की प्रथिनाच्या नुसत्या असण्याने, ते कळेल.

मार्गदर्शकांना दाखवण्यासाठी एवढे पुरेल असे वाटते. ‘ए’ वरून ओढलेल्या पीपी२ए मध्ये बी५५-अल्फा कमी आले आणि ३०८ चा बँड संथपणे विझला, तर तुमचे दोन्ही मूळ निष्कर्ष एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बी५५-अल्फा तेवढेच आले आणि तरीही एकेटी वाढलेले राहिले, तर मी वर केलेली सगळी मांडणी तुमच्या पेशींपुरती चुकली असे समजा, आणि सायआरएनएचा दुसरा, वेगळ्या क्रमाचा तुकडा वापरून पहिल्यापासून सुरुवात करा.